पिल्लू चुकते की वेळापत्रक?

कुत्र्याचे पिल्लू घरी येते ते बहुधा मुलांच्या हट्टामुळे, आणि घरातून जाते ते पुष्कळदा फरशीमुळे. पहिले चार-आठ दिवस कौतुकाचे असतात. नाव ठरते, छायाचित्रे निघतात, शेजारीपाजारी पाहून जातात. त्यानंतर सोफ्याच्या मागे, दिवाणाखाली, पायपुसण्यावर आणि एखाद्या सकाळी थेट देवघरासमोर लघवीचे थारोळे सापडू लागते. आजी-आजोबांची कुरकुर सुरू होते, घरकाम करणाऱ्या बाई काम सोडण्याची भाषा करतात आणि 'एवढे शिकवूनही याला कळत कसे नाही', या प्रश्नाभोवती घरातली भांडणे फिरू लागतात. महिना-दोन महिन्यांत पिल्लाची रवानगी गॅलरीत साखळीला होते. पुढे कधीतरी ते 'गावाकडे ओळखीच्यांना दिले' असे सांगितले जाते. त्या ओळखीच्यांचा पत्ता विचारला तर तो प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत गॅरी पॅट्रोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कुत्रा आश्रयगृहात आणून सोडला जाण्याची शक्यता वाढवणाऱ्या कारणांमध्ये घरात वारंवार मलमूत्र विसर्जन करणे हे एक ठळक कारण असल्याचे आढळले होते. म्हणजे ज्या गोष्टीकडे 'सुरुवातीचा त्रास' म्हणून पाहिले जाते, तिच्यावर त्या प्राण्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते. आणि बहुतेक घरांत या गोष्टीची सुरुवातच चुकीच्या समजुतीने होते. पिल्लू हट्टी आहे, ते मुद्दाम करते, त्याला माहीत असूनही करते, अशी ती समजूत. वास्तविक दोन महिन्यांच्या पिल्लाला आपण आत आहोत की बाहेर, याचीच कल्पना नसते. त्याच्या दृष्टीने बैठकीची खोली ही झोपायच्या जागेपासून पुरेशी दूर असलेली एक मोकळी जागा, एवढेच.

जन्मल्यानंतर सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून विसर्जनही करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ते होते आणि आईच ती जागा स्वच्छ ठेवते. पाय धरू लागल्यावर पिल्ले झोपण्याच्या जागेपासून चार पावले बाजूला जाऊन लघवी करू लागतात. हे त्यांना कोणी शिकवत नाही. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास याच्या पुढची पायरी येते. पायाखाली जो स्पर्श वारंवार लाभला, मग ती माती असो, गवत असो वा कागद, तोच 'या कामासाठीचा' स्पर्श म्हणून पिल्लाच्या मनात पक्का होऊ लागतो. अंगणात किंवा मैदानाच्या कडेला वाढलेले देशी पिल्लू घरात आणल्यावर पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतक्या लवकर शिकते, ते यामुळेच. याउलट दुकानातल्या पिंजऱ्यात, जिथे झोपायचे तिथेच घाण करायची, अशा स्थितीत ज्या पिल्लाचे पहिले दोन महिने गेले, त्याची ही उपजत स्वच्छतेची ओढच बोथट झालेली असते. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही 'महिन्याचे आहे, लवकर माणसाळेल' असे सांगून पिल्ले गळ्यात मारली जातात. माणसाळण्याचे काय व्हायचे ते होते, पण आईजवळ राहून जी स्वच्छता अंगी बाणली असती ती मात्र हुकते.

मूत्राशयाचे गणित

पशुवैद्यक एक ठोकताळा सांगतात. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. तितके तास ते फार तर लघवी रोखू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू म्हणजे तीन तास. परंतु ही वरची मर्यादा झाली, आणि तीही पिल्लू शांत असताना. जागे असलेले, खेळणारे, पाणी पिणारे पिल्लू तासाभरातही मोकळे होते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच मिनिटे ते अर्धा तास या अवधीत, खेळ ऐन रंगात आलेला असताना आणि घरी कोणी पाहुणे आल्याच्या आनंदात, या त्याच्या हमखास वेळा. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवण आणि शौच यांची सांगड शरीरानेच घालून दिलेली असते.

हे गणित मांडले की दोष कोणाचा, हे आपोआप उलगडते. सकाळी साडेसहाला उठलेल्या पिल्लाला घरातल्या कोणाचा तरी चहा आणि वर्तमानपत्र संपेपर्यंत, म्हणजे साडेसातपर्यंत थांबायला लावले, तर ते थांबणार नाही; त्याला थांबता येणारच नाही. लहान पिल्लाला दिवसातून आठ-दहा वेळा, ठरलेल्या प्रसंगांनंतर, ठरलेल्या जागी नेणे हेच खरे प्रशिक्षण. यात शिकायचे काम मुख्यतः घरातल्या माणसांचे आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आठवडाभर पिल्लाच्या जेवणाच्या, झोपेच्या आणि विसर्जनाच्या वेळा लिहून ठेवल्या, तर त्यातून बऱ्यापैकी नियमित वेळापत्रक डोळ्यांसमोर येते. ज्या घरात दिवसभर कोणीतरी आहे, त्या घराची ही मोठी सोय. आई-वडील दोघेही नऊ-दहा तास नोकरीला आणि मुले शाळेत, असे घर असेल तर स्पष्टच सांगायचे झाले तर दोन महिन्यांचे पिल्लू त्या घरासाठी नव्हे. सवय लागलेला, वयात आलेला कुत्रा दत्तक घेणे तिथे शहाणपणाचे ठरते.

वेळापत्रक बिघडवणारी आणखी एक गोष्ट मराठी घरांत हमखास आढळते, ती म्हणजे येता-जाता दिले जाणारे खाणे. आजोबांनी चहाबरोबर ग्लुकोजचे बिस्किट दिले, मुलांनी पोळीचा तुकडा टाकला, कोणी वाटीभर दूध ठेवले. दिवसभर असे तोंड चालू राहिले की शौचाची वेळ सांगणे कोणालाच शक्य नाही. त्यात गाईचे वा म्हशीचे दूध अनेक पिल्लांना पचत नाही. दुधातील शर्करा पचवण्याची त्यांची क्षमता दूध तुटल्यानंतर घटत जाते आणि पोट बिघडते. दूध-पोळी हा वर्षानुवर्षांचा मायेचा पदार्थ असला, तरी घरभर होणाऱ्या पातळ शौचाचे मूळ पुष्कळदा त्यातच असते. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन ते चार वेळा मोजून खाणे द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले उचलून घ्यावे. पाण्याचे मात्र असे नाही. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे उन्हाळ्यात तर घातकच.

सातव्या मजल्यावरची अडचण

येथवरचे सारे अंगण असलेल्या घरात सहज साधते. महानगरातल्या सदनिकेत एक वेगळाच पेच असतो आणि त्याची चर्चा परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. पार्वो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लसीचा पूर्ण उपयोग होत नाही. तोवर पिल्लाला खाली रस्त्यावर, इतर कुत्रे फिरतात अशा जागी सोडू नका, असा सल्ला डॉक्टर देतात आणि तो योग्यच आहे. परंतु दोन ते चार महिने हाच सवय पक्की होण्याचा काळ. ज्या काळात मातीवर शिकायचे, नेमक्या त्याच काळात माती वर्ज्य!

या पेचातून सुटका म्हणून बहुतेक घरे वर्तमानपत्राचा आश्रय घेतात. (वर्तमानपत्राचे इतके नित्य वाचन अन्य कोणी करत नसेल.) कागद पसरणे सोपे, स्वस्त आणि तात्पुरते उपयोगीही. पण त्यातून पिल्लू जे शिकते ते असे, की घराच्या आत, कागदावर विसर्जन करणे योग्य आहे. पुढे चार महिन्यांनी त्याला खाली नेले जाते. ते अर्धा तास हुंगत फिरते, लिफ्टने वर येते आणि घरात शिरताच कागदाकडे धाव घेऊन मोकळे होते. मालक कपाळाला हात लावतो. पिल्लाच्या बाजूने पाहिले, तर त्याने शिकवलेले तंतोतंत पाळलेले असते.

काही घरे मोरीचा पर्याय निवडतात. मोरीला जाळी आहे, पाणी आहे, धुण्याची सोय आहे. त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण आपल्याकडे बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे फरशीच असते. पायाखालचा स्पर्श हीच ज्याची खूण, त्या पिल्लाला मोरीतली गुळगुळीत लादी आणि खोलीतली गुळगुळीत लादी यांत फरक कसा कळावा? म्हणून मोरीत निदान रबराची खरबरीत चटई तरी असावी.

या दोहोंपेक्षा चांगला उपाय रोपवाटिकेत मिळतो. हिरवळीचे तयार तुकडे तिथे विकत मिळतात. असा दोन बाय तीन फुटांचा तुकडा पसरट ट्रेमध्ये घालून गॅलरीत ठेवला, की पिल्लाला सातव्या मजल्यावरच गवताच्या स्पर्शाची सवय लागते. रोज पाणी मारावे लागते, आठवडा-दोन आठवड्यांनी तुकडा बदलावा लागतो आणि गॅलरीच्या गजांतून पिल्लू निसटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. मात्र लसीकरण संपल्यावर खाली नेलेले पिल्लू ओळखीच्या गवतावर उभे राहते, हा लाभ कागदाने मिळत नाही. कागदाचीच सवय आधी लागून गेली असेल, तर कागद रोज थोडा लहान करत दाराकडे सरकवावा आणि लघवीने भिजलेला एक तुकडा खालच्या ठरावीक जागी नेऊन ठेवावा. वासाची ओळख पटली की पहिल्या वेळेची अडचण बहुधा सुटते. मोकळे झाल्यावर तो तुकडा उचलून आणायला विसरू नये.

खाली नेण्याची रीतही महत्त्वाची आहे. लहान पिल्लाला उचलूनच न्यावे. कडेवर असताना पिल्लू सहसा लघवी करत नाही आणि लिफ्टमधला अनर्थ टळतो. दर वेळी एकच जागा असावी. तिथे पट्टा हाती धरून मुकाट उभे राहावे, खेळू नये, मोबाइलवर बोलू नये. पिल्लू मोकळे होऊ लागले की 'शू' असा एखादा शब्द हळूच म्हणावा. काही आठवड्यांत तो शब्द ऐकल्यावर त्याला काम आठवते. काम पूर्ण होताच, तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत शाबासकी आणि खाऊचा कण द्यावा. घरी आल्यावर दिलेला खाऊ हा घरी आल्याबद्दल असतो. आणि मोकळे होताच लगेच घराकडे वळणे ही एक नेहमीची चूक. लघवी केली की फिरणे संपते, असा हिशेब चलाख पिल्लू चार दिवसांत मांडते आणि मग अर्धा अर्धा तास रोखून धरते. आधी काम, मग पाच-दहा मिनिटांची भटकंती, हा क्रम त्याला मानवतो. पाच मिनिटांत काहीच झाले नाही तर परत आणावे, पण घरात मोकळे सोडू नये. जवळ पट्ट्याला ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे.

घरातही पहिले काही आठवडे पिल्लू नजरेच्या टप्प्यात हवे. ते एकाएकी खेळ थांबवते, जमीन हुंगत गोल फिरू लागते, खोलीच्या कोपऱ्याकडे निघते. या खुणा आणि प्रत्यक्ष घटना यांत मोजके सेकंद असतात. लक्ष देणे शक्य नसेल तेव्हा पिल्लाला त्याच्या अंथरुणापाशी, छोट्याशा कुंपणात वा क्रेटमध्ये ठेवता येते. क्रेट म्हटले की आपल्याकडे पिंजरा आठवतो आणि मन धजावत नाही. उभे राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढी ती पेटी असेल आणि दार सुरुवातीला उघडे ठेवून तिची ओळख करून दिली असेल, तर पिल्लाला ती गुहेसारखी आपली वाटते व झोपण्याची जागा ते सहसा घाण करत नाही. पण मूत्राशयाच्या गणितापलीकडे त्यात कोंडून ठेवले, तर ती खरोखरच शिक्षा ठरते. रात्री पिल्लू थोडे अधिक थांबू शकते. तरीही दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लासाठी रात्री एकदा तरी उठावेच लागते, आणि ते आईपासून तुटलेले असल्याने त्याचे अंथरूण माणसांजवळ असणे बरे.

अपराधी चेहऱ्याचे रहस्य

नाक लघवीत घासणे, वर्तमानपत्राची सुरळी करून मारणे, हे उपाय अजूनही ठामपणे सुचवले जातात. त्यांच्या समर्थनार्थ एकच पुरावा असतो: 'आम्ही घरी आलो की तो कान पाडून, नजर चुकवून बसतो, म्हणजे त्याला कळलेले असते.' न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमक्या याच चेहऱ्याची परीक्षा घेतली. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याविषयी मालकांना कधी खरे, तर कधी खोटे सांगण्यात आले. 'अपराधी' चेहरा कुत्र्याने गुन्हा केला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. निर्दोष असूनही बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांनीही तोच चेहरा केला. म्हणजे तो चेहरा कबुलीचा नसतो, भीतीचा असतो.

अर्ध्या तासापूर्वीच्या लघवीचा आणि आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला जोडता येतो तो एवढाच, की माणूस आणि लघवी एका ठिकाणी आली की संकट येते. त्यामुळे ते माणसासमोर लघवी करणे टाळते. दिवाणाखाली, पडद्यामागे लपून करते आणि बाहेर नेल्यावर मालक शेजारी उभा असेतो रोखून धरते. 'बाहेर करत नाही, घरात लपून करतो' ही तक्रार ऐकली की त्या घरात आधी काय घडले असावे, याचा अंदाज बांधता येतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०२१ साली जाहीर केलेल्या भूमिकेत, कुत्र्यांना शिकवताना शिक्षेऐवजी बक्षिसाच्या पद्धतीच वापराव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. पिल्लू ऐन वेळी सापडले, तर टाळी वाजवून लक्ष वेधावे, उचलून ठरलेल्या जागी न्यावे आणि उरलेले काम तिथे झाले तर कौतुक करावे. घटना होऊन गेली असेल, तर मुकाट्याने फडके घ्यावे.

आणि फडक्याबरोबर फिनेल घेऊ नये. फिनेलचा वास माणसाच्या नाकाला जुना वास झाकल्याचे समाधान देतो. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी. त्याला फिनेलखालचा जुना वास येतच राहतो आणि 'जागा हीच' असा निरोप मिळत राहतो. शिवाय तीव्र फिनेल पंजांना आणि चाटले गेल्यास पोटालाही अपाय करू शकते. अमोनिया असलेली द्रावणे तर उलटाच परिणाम करतात, कारण कुजलेल्या लघवीतही अमोनियाच असतो. आधी कोरड्या कागदाने सगळी लघवी टिपून घ्यावी, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे, जैविक विकरे असलेले द्रावण वापरून ते सांगितलेला वेळ राहू द्यावे. ब्लीच लघवीवर वा अमोनियाच्या द्रावणात मिसळल्यास विषारी वायू तयार होतो, हे ध्यानात ठेवावे. फरशीचे सांधे, सोफ्याचे पाय आणि पायपुसणी यांत वास मुरतो. पायपुसणी तर काही महिने उचलूनच ठेवावीत. मऊ आणि शोषून घेणारा स्पर्श पिल्लाला गवतासारखाच वाटतो.

एवढे करूनही सुधारणा होत नसेल तर दोष सवयीचा नसण्याचीही शक्यता असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब थेंब लघवी, लघवी करताना कुंथणे, रक्त, झोपेत अंथरूण ओले होणे, अतिरेकी तहान यांपैकी काही दिसल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावे. मादी पिल्लांत मूत्रमार्गाचा संसर्ग विशेष आढळतो. पातळ शौचामागे जंत असू शकतात. घरी आलेल्या माणसासमोर दबून, पोट दाखवत जी लघवी होते ती विसर्जन नव्हे, तो नमतेपणा आहे आणि ओरडल्याने तो वाढतोच. पाच-सहा महिन्यांनंतर नराने पाय उचलून सोफ्यावर, दाराच्या चौकटीवर शिंतोडे उडवणे हे हद्द आखणे असते. निर्बीजीकरणाने ते बऱ्याच कुत्र्यांत कमी होते.

सोसायटीच्या आवारातील कटकटी हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच वेळी आवारातली विष्ठा उचलणे ही मालकाची जबाबदारी ठरते. मुंबई महापालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींत घाण तशीच टाकून जाणाऱ्याला दंडाची तरतूद करण्यात आली होती. खिशात एक जुनी पिशवी ठेवणाऱ्याशी सोसायटीचे पदाधिकारी सहसा भांडत नाहीत.

उरतो पावसाळा. मे महिन्यापर्यंत शहाण्यासारखे वागणारे पिल्लू जूनच्या पहिल्या सरीला फाटकातच पाय रोवून उभे राहते आणि वर येऊन पुन्हा गालिच्यावर लघवी करते. ओले गवत त्याच्या पायांना परके असते. अशा वेळी छपराखालची, वाहनतळाच्या कडेची एखादी जागा आधीपासून ठरवून ठेवावी आणि तिथेही खाऊ देऊन तीच जुनी उजळणी करावी. तुंबलेल्या पाण्यातून मात्र कुत्र्याला नेऊ नये. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या आणि अन्य प्राण्यांच्या मूत्रातून पसरतो. तो कुत्र्याला होऊ शकतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही. त्यावरची लस वार्षिक लसींबरोबर देता येते. पावसाळ्यात घरातली लघवी पुसताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.